राखणीच्या कुत्र्याला घर देताना

(न्यासाच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत संतवाङ्मय, सीमाभागातील मराठी शाळा, सहकार अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीत कुत्र्यांचे पान मांडलेले पाहून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्यात नवल नाही. तथापि हा विषय आम्ही मागून घेतलेला नाही. न्यासाच्या इमारतीमागची जुनी पागा गेली तीन वर्षे आम्हां पाचसहा जणांच्या हवाली आहे. तीत आम्ही टाकून दिलेली मोठ्या जातीची राखणीची कुत्री ठेवतो, सुधारतो आणि योग्य घरी पाठवतो. ही मुदत येत्या गुढीपाडव्याला संपते. ती वाढवावी की नाही याविषयी मंडळात दोन मते आहेत. म्हणून 'तुम्ही तिथे नेमके करता तरी काय, ते एकदा सर्वांसमोर सांगा', अशी आम्हांला आज्ञा झाली. त्याप्रमाणे सांगतो.

प्रथम राखणीचा कुत्रा म्हणजे कोण, हे पाहू. कारण साऱ्या घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. मोठा, काळा आणि भुंकणारा तो राखणीचा, असा आपला सर्वसाधारण समज. वस्तुतः कुत्र्यांची कामे वेगवेगळी आणि त्या कामांप्रमाणे त्यांचे स्वभावही वेगवेगळे. आपल्या शेजारचा मुधोळचा हाऊंड नजरेने सावज हेरून त्यामागे धावतो. ती शिकारीची जात. स्कॉटलंडकडचा कोली मेंढरांना नजरेच्या धाकाने हाकतो, तो गुराखी. राखणीचा कुत्रा धावत नाही आणि हाकीतही नाही. तो कळपात जाऊन बसतो. दिवसा पाहावे तर झोपाळू, काहीसा आळशीच वाटतो. रात्र पडली की उठून कळपाभोवती फेऱ्या घालतो. चाहूल लागली तर आधी भुंकतो, मग चाहूल आणि कळप यांच्या मध्ये जाऊन उभा राहतो, आणि तेवढ्याने भागले नाही तरच झुंजतो. तुर्कस्तानचा कांगल असा आहे, तिबेटचा मास्टिफ असा आहे, आणि काश्मीरच्या बकरवाल लोकांबरोबर दरवर्षी डोंगर चढणारा-उतरणारा बकरवाली कुत्राही असाच आहे. हिमालयाच्या बाजूचे मेंढपाळ अशा कुत्र्यांच्या गळ्यात काटे असलेला लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या प्रथम गळा धरतो.

या कुत्र्याचा विशेष असा की तो हुकुमाची वाट पाहत नाही. रात्री दोन वाजता लांडगा आला तर धनी झोपलेला असतो. निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो. शेकडो वर्षे माणसाने अशी स्वतःच्या बुद्धीने वागणारीच कुत्री निवडून निवडून वाढवली. आणि आता तोच कुत्रा बंगल्यात आणून 'हा ऐकत नाही हो' अशी तक्रार आपण करतो.

हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पटले मात्र ते एका धनगरामुळे. पागेत आलेल्या पहिल्या काही जनावरांत एक धनगरी कुत्रा होता. परदेशी जातीचा नव्हे, कागदपत्रांचा तर नव्हेच. पण अंगाने थोराड, करड्या रंगाचा. त्याच्या धन्याने मेंढरे विकली, मुलगा गोव्याला कामाला गेला, आणि कुत्रा गावाच्या वेशीवर राहिला. पागेत आणल्यावर त्याने चार दिवस भाकरीला तोंड लावले नाही. रस्त्याकडे तोंड करून बसायचा. पशुवैद्यांनी तपासले, ताप नाही, जखम नाही. शेवटी घाटाखालून परतणाऱ्या एका ओळखीच्या धनगराला बोलावले. तो म्हातारा कुत्र्याकडे न पाहता आधी आमच्याकडे पाहून म्हणाला, "मास्तर, हे माणसाचं कुत्रं न्हवं, मेंढरांचं हाय. तुमी त्याला घर कशाला बगताय?" त्याने कुत्र्याला आपल्या वाड्यावर नेले आणि जाळीच्या आत नुकत्या जन्मलेल्या चार कोकरांजवळ बांधले. तीन रात्री बांधून ठेवले, चौथ्या रात्री सोडले. पहिल्याच रात्री कुत्र्याने भाकर खाल्ली होती.

त्या दिवसापासून आमच्या कामाची रीतच बदलली. कुत्र्याला घेणारा कोण, हे आम्ही नंतर विचारतो. या कुत्र्याने राखावे असे त्या घरी काय आहे, हे आधी विचारतो.

हाच विचार फार मोठ्या प्रमाणावर आफ्रिकेत झाला आहे. नामिबियामध्ये शेतकरी शेळ्यामेंढ्यांच्या रक्षणासाठी चित्त्यांना गोळ्या घालीत. तेथे चित्त्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने १९९४ पासून अनातोलियन आणि कांगल जातीची पिल्ले वाढवून शेतकऱ्यांना द्यायला आरंभ केला. पिल्लू लहानपणीच शेळ्यांच्या गोठ्यात ठेवायचे. मोठे झाले की ते शेळ्यांना आपले गोत समजते आणि चित्ता आला की मध्ये उभे राहते. चित्ता हा सावध प्राणी. जखमी होणे त्याला परवडत नाही, म्हणून तो बहुधा वळून जातो. शेळी वाचते, चित्ताही वाचतो. सप्टेंबर २०२२ मध्ये ज्या देशातून आठ चित्ते कुनोच्या अरण्यात आणले, तो हाच देश. पिल्लू देण्यापूर्वी ती मंडळी शेतकऱ्याचा गोठा पाहतात आणि दिल्यानंतरही कुत्र्याची विचारपूस करायला जातात. आम्ही खानापूर रस्त्यावर स्कूटरवरून जे करतो ते यापेक्षा फार निराळे नाही, एवढेच सांगायचे आहे.

आता ही कुत्री बेळगावात टाकली का जातात? त्याच २०२२ सालच्या ऑगस्टात बिबट्या आपल्या गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला आणि त्या भागातल्या शाळा कित्येक दिवस बंद ठेवाव्या लागल्या, हे आपणां सर्वांच्या स्मरणात आहे. त्यानंतरच्या महिन्यांत आमच्या ओळखीच्याच तीनचार घरी मोठ्या जातीची पिल्ले आली. खरे पाहता साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्याला अडवू शकत नाही. बिबट्याच्या दृष्टीने ते आयते वाढलेले ताट असते. पण भीती अशा हिशेबाने चालत नाही. दोन महिन्यांचे पिल्लू आणले जाते, गुबगुबीत, लाघवी. मुले त्याला उचलून फिरवतात. आठ महिन्यांनी ते मुलांना उचलण्याइतके होते. आणि दीड-दोन वर्षांचे झाले की एके दिवशी ते रोजच्या दूधवाल्याला दारात अडवते.

घरचे लोक म्हणतात, कुत्रा बिघडला. बिघडत काही नाही. तो वयात आलेला असतो. आठवीपर्यंत मान खाली घालून बसणारा मुलगा नववीत एकदम 'का?' म्हणून विचारतो. शिक्षकाने त्याच वेळी डोके शांत ठेवायचे असते, हे आम्ही प्रशिक्षण महाविद्यालयात शिकलो आणि वर्गात रोज अनुभवतो. राखणीच्या कुत्र्यात रक्षणाची वृत्ती याच वयात जागी होते. त्याच्या लेखी घरातली मुले हा कळप. शेजारचा मुलगा खेळता खेळता घरच्या मुलाला गुद्दा घालतो. तो गुद्दा खोटा आहे हे कुत्र्याला कोण सांगणार? अशा घरात आधीपासून शिस्त, फिरणे आणि ओळखीपाळखीची सवय असेल तर काही होत नाही. नसेल, तर प्रथम साखळी येते. साखळीने कुत्रा चिडका होतो. चिडका झाला म्हणून साखळी आखडते. शेवटी एका रात्री गाडीत घालून त्याला नाक्यापलीकडे सोडतात.

जनावर असे टाकून देणे, तसेच कुत्र्याला सतत साखळीत ठेवून मुळीच न फिरवणे, हे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हे ठरवले. पहिल्या गुन्ह्याला दंड ठरवला तो दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. कायदा करणाऱ्यांचा हेतू थोर होता. पण त्या रकमेत मोठ्या कुत्र्याची एक वेळची अंडी-भाकरही होत नाही.

मार्च २०२४ मध्ये यात निराळीच भर पडली. केंद्र सरकारच्या पशुपालन खात्याने १२ मार्चला एक परिपत्रक काढून तेवीस प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करण्यास राज्यांना कळवले. जी आधीच पाळलेली होती त्यांची नसबंदी करावी, असेही त्यात होते. यादीत रॉटवायलर होता, कांगल होता, मास्टिफ होते; म्हणजे आमच्या विषयातली अर्धीअधिक मंडळी. आपल्या कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने १० एप्रिलला ते परिपत्रक रद्द केले. मधले दिवस जेमतेम महिन्याभराचे. परंतु तेवढ्यात घाबरलेल्या लोकांनी जे करायचे ते केले. न्यायालयाचा निकाल कुत्र्याला वाचता येत नाही आणि टाकणारा परत न्यायला येत नाही. त्याच महिन्यात एका सकाळी पशुवैद्यांच्या दवाखान्याच्या कठड्याला एक रॉटवायलर बांधलेला मिळाला. दोनेक वर्षांचा, गळ्यात नवा पट्टा, जवळ पाण्याचे भांडे. बांधणाऱ्याला वाईट वाटले असावे, असे त्या भांड्यावरून वाटते. नाव कळायला मार्ग नव्हता, म्हणून राजा म्हटले. अशी दहा कुत्री असतील तर त्यांतली सहा राजा असतात.

राजा सात महिने पागेत होता आणि या सात महिन्यांवरच मंडळातल्या काही सभासदांचा मुख्य आक्षेप आहे. 'घेणारे दारात उभे होते, तुम्ही दिला नाही,' असे ते म्हणतात. हे खरे आहे. चार जण आले आणि चौघांनाही आम्ही नाही म्हटले. ते का, ते सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पहिले गृहस्थ बांधकामाचे कंत्राटदार. त्यांना सिमेंटच्या गुदामावर कुत्रा हवा होता. दिवसा बांधलेला, रात्री मोकळा, 'आणि जरा खुनशी करून द्या' अशी त्यांची फर्माईश होती. दुसरे एक तरुण जोडपे, अतिशय सालस. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर, पाळणा हलायला दोन महिने राहिलेले. त्यांना नाही म्हणताना आमची जीभ जड झाली. तिसऱ्या गृहस्थांनी कुत्र्याकडे न पाहताच कागद आहेत का, पैदाशीला चालेल का, असे विचारले. आमच्याकडून जाणारे प्रत्येक जनावर नसबंदी करूनच जाते असे सांगताच त्यांचा रस संपला. चौथे घर मात्र सर्व दृष्टींनी चांगले होते. अंगण, कुंपण, माणसे प्रेमळ. पण घरात ऐंशीच्या पुढच्या आजी होत्या आणि त्या भिंतीला धरून चालत. पंचेचाळीस किलोचा कुत्रा प्रेमाने अंगाला घासला तरी अशा वयात खुब्याचे हाड मोडते. राग कुत्र्यावर निघाला असता, हाड आजींचे गेले असते आणि राजा पुन्हा कठड्याला आला असता. एकदा परत आलेला कुत्रा दुसऱ्यांदा देणे फार कठीण जाते. त्याचा माणसावरचा विश्वास दर खेपेला उणावतो.

आपल्याकडे सत्पात्री दान असा शब्द आहे. शिष्यवृत्ती देताना आपला न्यास अर्जदाराच्या घरी माणूस पाठवून चौकशी करतो. तिला कोणी कठोरपणा म्हणत नाही. कुत्रा देतानाच 'घेतो म्हणतोय ना, देऊन टाका' असे का व्हावे?

पाचव्या आल्या त्या खानापूरकडच्या एक विधवा बाई. रस्त्यापासून आत त्यांची रोपवाटिका आहे, दोन कर्ते मुलगे आहेत आणि रात्री रोपे चोरीला जातात. आम्ही त्यांना सांगितले, तीन रविवार यायचे, कुत्र्याला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. पहिल्या रविवारी त्या पागेच्या दारात पाट टाकून वर्तमानपत्र वाचीत बसल्या. राजा दूर कोपऱ्यातून गुरगुरत होता. दुसऱ्या रविवारी गुरगुरला नाही. आम्हीच उतावीळ होऊन विचारले, कसे वाटते? त्या म्हणाल्या, "त्याला घाई नाही सर, मलाबी नाही." तिसऱ्या रविवारी त्यांचे वर्तमानपत्र वाचून व्हायच्या आत राजा येऊन त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपला. त्या हलल्या नाहीत; पायाला मुंग्या आल्या असतील, पण पाऊण तास तशाच बसल्या. आज राजा रात्री रोपांच्या वाफ्यांमधून फेऱ्या घालतो आणि दुपारी कलमांच्या सावलीत झोपतो. त्याने अद्याप कोणाला चावलेले नाही. चोरांना त्याचा आवाज पुरतो.

आता एका बर्नार्डची गोष्ट. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या मधल्या, जवळजवळ अडीच हजार मीटर उंचीच्या खिंडीत एक जुना मठ आहे. तिथल्या धर्मगुरूंनी बर्फात वाट चुकलेल्या वाटसरूंना शोधण्यासाठी ही जात नावारूपाला आणली. त्यांतल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसावर माणसे वाचवली असे सांगतात. १८१४ साली तो मेला आणि त्याचे पेंढा भरलेले शरीर बेर्नच्या संग्रहालयात आजही आहे. (गळ्यातले दारूचे छोटे पिंप मात्र चित्रकारांची करामत आहे.) पुढे बोगदे झाले, हेलिकॉप्टरे आली आणि कुत्र्यांना काम उरले नाही. मठातले धर्मगुरू थोडे, कुत्री पुष्कळ. २००५ साली त्यांनी कुत्र्यांची सारी जोपासना त्यासाठीच स्थापन झालेल्या एका न्यासाकडे सोपवली. तेव्हा कुत्र्यांसाठी न्यास ही कल्पना आमच्या सुपीक डोक्यातून निघालेली नाही, हे विश्वस्त मंडळींनी कृपया लक्षात घ्यावे.

अशा बर्फातल्या जनावराला कोणी हौसेने आपल्या फार्महाऊसची शोभा म्हणून आणले होते. बेळगावची हवा थंड असा आपला लौकिक आहे. पण एप्रिलातल्या दुपारी तो त्याला काय उपयोगी? आमच्याकडे आला तेव्हा तो धापा टाकीत होता, जीभ जांभळट झाली होती. अशा वेळी बर्फाचे पाणी ओतू नये. साधे पाणी पोटाखाली, जांघेत, पंजांवर घालावे, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. केस मुळापासून भादरू नयेत. ते ऊनही अडवतात. आणखी एक गोष्ट या खोल छातीच्या जातींत जपावी लागते. भरपेट खाऊन उड्या मारल्या तर पोट फुगून त्याला पीळ बसतो आणि मग काही तासांतच जनावर दगावते. म्हणून दोन वेळा थोडे थोडे जेवण आणि जेवणानंतर विश्रांती. बाकी गोचीड ताप, रेबीजची वार्षिक लस, कंबरेच्या सांध्यांचे दुखणे, हे सारे आहेच. बर्नार्डला दोन महिन्यांनी निलगिरीतल्या एका चहाच्या मळ्यावरच्या कुटुंबाने नेले, रात्रीचा प्रवास करून. त्यांनी धुक्यात बसलेल्या त्याचे छायाचित्र पाठवले आहे. तो त्यात प्रथमच तोंड मिटून बसलेला दिसतो.

आम्हांला एक प्रश्न नेहमी विचारला जातो, बहुधा हळू आवाजात. 'तुम्ही मुसलमान, आणि कुत्र्यांचे करता?' प्रश्न रास्त आहे, उत्तरही सरळ आहे. आमच्या धर्मशास्त्रात हौसेखातर घरात कुत्रा ठेवण्याला आक्षेप घेतला आहे. कळपाच्या, शेताच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी मोकळीक आहे. तहानेल्या कुत्र्याला विहिरीतले पाणी काढून पाजणाऱ्याला त्या कृत्याबद्दल क्षमा मिळाल्याची कथा हदीसमध्ये आहे, आणि गुहेत झोपी गेलेल्या पुण्यवंतांच्या उंबऱ्याशी पंजे पसरून बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख कुराणात आहे. लाळ अपवित्र मानली जाते, म्हणून आमचे पागेतले कपडे निराळे. ते तिथेच धुतो आणि हातपाय धुऊन नमाजाला जातो. आमच्या बरोबर काम करणाऱ्या एक काकू सोवळ्याच्या घरातल्या आहेत. त्यांचेही पागेतले लुगडे निराळे, तेही तिथेच खुंटीला असते. दोघांच्या खुंट्या शेजारी शेजारी आहेत आणि आजवर भांडण झालेच तर ते साबण कोणी संपवला यावरून झाले.

यापुढचे सांगायला जड जाते. पण तेच गाळले तर हिशेब अपुरा राहील. तीन वर्षांत चौदा कुत्री आली. नऊ घरी गेली, एकाचा मूळ धनी शोधत आला आणि घेऊन गेला, दोन वारली, दोन आज पागेत आहेत. वारलेल्यांपैकी एक म्हातारी ग्रेट डेन होती. या जातीला आयुष्यच सातआठ वर्षांचे, ती आपल्या वेळेने गेली. दुसरा भीम. मास्टिफच्या रक्ताचा, अंगावर जुने वळ असलेला. कोणीतरी त्याला माणसांवर सोडण्यासाठीच वाढवले होते आणि येण्यापूर्वी त्याने दोघांना चावून जखमी केले होते. त्याला घर मिळणे शक्य नव्हते. पशुवैद्यांनी स्वच्छ सांगितले की याला शांतपणे झोपवणे हा एक प्रामाणिक मार्ग आहे. असा मार्ग घेणाऱ्याला आम्ही निर्दय म्हणणार नाही. जिथे मुले वावरतात आणि कुंपण धड नाही, तिथे दुसरा मार्गही नसतो. आम्ही दोन रात्री चर्चा केली. शेवटी असे ठरले की एका आड एक अशी दोन दारे असलेली कोठी झाली, आणि तिची किल्ली फक्त दोन माणसांकडे राहिली, तर ठेवायचा. नाहीतर नाही. आपल्याच एका सभासदांनी स्वतःच्या कारखान्यातून ती दारे बनवून आणली. भीम त्या कोठीत पावणेदोन वर्षे जगला. शेवटच्या सहा महिन्यांत तो काकूंच्या हातून जाळीतून भाकर घेत असे. आम्हां बाकीच्यांच्या हातून त्याने कधीच घेतली नाही. मूत्रपिंडे निकामी होऊन तो गेला.

'एका न सुधारणाऱ्या कुत्र्यासाठी पावणेदोन वर्षे? तेवढ्यात दोन मुलांची फी भरली असती,' असे याच सभागृहात बोलले गेले. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला होता, आणि मुलांच्या फीची चिंता शिक्षकापेक्षा अधिक कोणाला असणार? म्हणून हिशेब सांगतो. न्यासाच्या शिष्यवृत्तीतला एक पैसाही पागेवर खर्च झालेला नाही. जागा न्यासाची, पाणी वसतिगृहाच्या टाकीतले, भाकरी चार घरांतून येतात, अंडी एका कुक्कुटपालनाच्या मालकांकडून, औषधे पशुवैद्यांकडून मूळ किमतीत. उरलेले आम्ही आपसांत वाटून घेतो. साताऱ्याच्या शाहू महाराजांनी आपला जीव वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याला पालखीचा मान दिला असे सांगतात आणि माहुलीच्या संगमावर त्याची समाधी दाखवतात. आमची मागणी पालखीची नाही. पागेचे छप्पर पश्चिमेच्या बाजूने गळते, तेवढे मृगापूर्वी शाकारून मिळावे आणि मुदत आणखी तीन वर्षे वाढवावी, एवढीच आहे.

वसतिगृहातल्या मुलांविषयीही शंका आहे, की ती पागेच्या जवळ जाऊन कुत्र्यांना चिडवतील. पहिल्या वर्षी चिडवीत होती, दगडही मारीत. आता सकाळच्या पाण्याची पाळी मुलांकडे आहे आणि नोंदवही तीच ठेवतात: कोणी किती खाल्ले, किती वेळ फिरले, कोणावर भुंकले. कोठीत एकटे जायचे नाही हा नियम मुले आम्हां मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात. मागच्या आठवड्यात एका मुलाने नोंद केली आहे, 'अध्यक्षमहाराजांवर भुंकला, दोन वेळा.' अध्यक्षमहाराजांनी ती वाचून सही केली आहे.

सध्या पागेत आहेत ते दोघे: एक रॉटवायलरची मादी आणि एक पांढरा, मिश्र रक्ताचा, फार मोठा कुत्रा. मादीसाठी चंदगडकडच्या एका काजूच्या बागायतदारांचा दुसरा रविवार झाला आहे. पांढऱ्याला अजून कोणी पाहायला आलेले नाही. त्याला घरात नव्हे, जनावरांत राहायला आवडते असे दिसते. मागच्या गल्लीतल्या म्हशी पाण्यावर निघाल्या की तो जाळीशी येऊन उभा राहतो आणि त्या परत येईपर्यंत तिथून हलत नाही. ज्यांचा गोठा गावाबाहेर आहे, कुंपण छातीइतके उंच आहे आणि घरात कोणीतरी दिवसभर असते, अशांनी सांगावे. पाहायला येणाऱ्यांनी रविवारी सकाळी सात वाजता यावे, हातात काठी किंवा छत्री आणू नये, आणि वाचायला काहीतरी बरोबर घेऊन यावे.